उत्तरानंतर आलेला प्रश्न

वत्सला इंगळे हे नाव या अंकाच्या वाचकांपैकी कुणी ऐकलं असण्याची शक्यता नाही. बुलढाणा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, बस स्टँडच्या मागच्या गल्लीत, त्यांची टंकलेखनाची संस्था होती. अकरा मशिनं, त्यातली दोन कायम नादुरुस्त. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलेलं नव्हतं. वडील लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे आणि सीझन संपला की मिळेल ते काम करायचे. मी पदवीधर झालो, पुण्याला एम.सी.ए. केलं आणि आज पर्थमध्ये बसून प्रोग्रॅम लिहितो. हे कुणामुळे, असं कुणी विचारलं तर मी इंगळे बाईंचं नाव घेतो. संपादकांनी कामाबद्दल लिहायला सांगितलं तेव्हाही आधी त्याच डोळ्यांसमोर आल्या.

बाईंकडे पहिल्या दिवसापासून मशिनच्या बटणांवर कापड असायचं. बोटं कापडाखाली, डोळे मसुद्यावर. ओळ संपून घंटी वाजली की बाई मागून यायच्या आणि म्हणायच्या, “तू काय टाइप केलंस ते मला सांगू नको. कागदावर काय आलंय ते वाच.” सुरुवातीला मला या दोन्ही गोष्टी एकच वाटायच्या. महिन्याभरात कळलं की त्यांच्यात बरंच अंतर असतं आणि माणूस बहुतेक वेळा पहिलीवरच विश्वास ठेवतो.

दुपारची तीन ते चारची बॅच मला आवडायची. पत्र्याच्या छताला भोकं होती. उन्हाचे कवडसे कागदावर पडायचे आणि कागद वर सरकला तरी जागच्या जागी राहायचे, त्यामुळे एकेक ओळ उजळून पुढे जायची. नऊ मशिनांचा मिळून आवाज असा यायचा की जणू अंगणात बसून कुणी वाळलेल्या शेंगा फोडतंय. अजूनही पर्थच्या ऑफिसात दुपारी टेबलावर ऊन आलं की तो आवाज मला लांबून ऐकू येतो, आणि मी काय लिहीत होतो ते क्षणभर विसरतो.

बाई माझ्या पाठीशी कशा उभ्या राहिल्या, त्याचा एकच प्रसंग सांगतो. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना बाहेरचे अर्ज, प्रतिज्ञापत्रं टाइप करायचं काम त्या मला देऊ लागल्या होत्या. एकदा एक बाप-लेक आले. मुलीला नर्सिंगला जायचं होतं. तिचा अर्ज मी टाइप केला. महिन्याभराने तो परत आला, कारण बारावीचा परीक्षा क्रमांक चुकला होता. तोवर मुदत संपली होती. वडील अर्ज घेऊन संस्थेत आले. बाईंनी सगळ्यांसमोर मला विचारलं, “टाइप झाल्यावर वाचला होतास ना?”

“हो, बाई.”

बाई त्या गृहस्थांकडे वळल्या. “माझा विद्यार्थी वाचल्याशिवाय कागद देत नाही. तुमच्या मसुद्यातच आकडा चुकला असेल.”

मसुदा त्यांच्याकडे नव्हता. त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली, आणि ते गेले. चारचौघांत माझ्यासाठी कुणी इतक्या खात्रीने बोलण्याची ती पहिलीच वेळ होती.

आता माझ्या कामाबद्दल. मी ज्या प्रकारच्या भाषेत प्रोग्रॅम लिहितो तिला फंक्शनल भाषा म्हणतात. नावाला घाबरू नका, ती पाढ्यांसारखी असते. सात आठे छप्पन्न. सकाळी म्हणा, संध्याकाळी म्हणा, पर्थमध्ये म्हणा किंवा पुण्यात, छप्पन्नच. अशा भाषेत लिहिलेला भाग तेच दिल्यावर तेच परत देतो, आणि म्हणून त्यावर डोळे मिटून विश्वास टाकता येतो. पण माणूस की-बोर्डवर काय टाइप करील, किंवा शेजारी चाललेला दुसऱ्या कंपनीचा प्रोग्रॅम काय उत्तर देईल, याला पाढा नसतो. म्हणून ही भाषा एक भिंत घालते. आत शुद्ध गणित, बाहेर जग, आणि मध्ये एक दार. माझ्या बरोबरच्या हुशार मंडळींना आतल्या खोल्या आवडतात. मी वीस वर्षं दारात बसून काढली. माणसाला प्रश्न विचारायचा, त्याचं उत्तर आत न्यायचं. बाहेरचा प्रोग्रॅम सुरू करायचा, त्याचं ऐकायचं, तो संपला की दार लावायचं. द्वारपालाचं काम. मला ते मनापासून आवडतं.

आमची गिऱ्हाइकं म्हणजे खाणी, धान्याचे सायलो म्हणजे उंच कोठारं, वजनकाटे. तिथे अजून काळा पडदा आणि पांढरी अक्षरं चालतात, कारण धूळ असते, हातात ग्लोव्हज असतात, माऊस टिकत नाही. एका गव्हाच्या सायलोवर डॅरिल नावाचा वजनकाट्याचा माणूस होता. प्रोग्रॅमने विचारलं, पुढे चालू ठेवायचं का, तर तो टाइप करायचा, ‘yeah nah’. इथे राहणाऱ्यांना माहीत आहे की ऑस्ट्रेलियन माणूस असं म्हणतो तेव्हा त्याला नाही म्हणायचं असतं, फक्त समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून तो सुरुवात होकाराने करतो. माझा प्रोग्रॅम पहिलं अक्षर बघायचा आणि पुढे जायचा. तीन ट्रक धान्य ओतायच्या चुकीच्या खड्ड्यात रिकामे झाल्यावर डॅरिलचा फोन आला. तो चिडला नव्हता. म्हणाला, “तुझा प्रोग्रॅम शेवटपर्यंत ऐकत नाही, मेट.” तेव्हापासून मी पूर्ण ओळ वाचतो.

दुसरी एक गोष्ट बाहेरच्या प्रोग्रॅमची. बाहेरचा प्रोग्रॅम आपल्याशी दोन नळ्यांतून बोलतो. एकीतून उत्तरं येतात, दुसरीतून तक्रारी. मी फक्त उत्तरांची नळी वाचत होतो. एका ठिकाणी रोज दुपारी सगळं गोठायचं आणि कुणाला कारण सापडेना. शेवटी कळलं की तो बिचारा सकाळपासून बारीकसारीक तक्रारी करत होता, त्या कुणी उचलत नव्हतं, दुपारपर्यंत नळी भरायची आणि तो अर्ध्या वाक्यात थांबून जागा व्हायची वाट बघायचा. मी उत्तराची वाट बघायचो. दोघंही सभ्यपणे थांबलेले. हे समजल्यावर मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं.

मग कालगुर्लीची गोष्ट. ही सांगायलाच हा लेख लिहितो आहे.

कालगुर्ली या सोन्याच्या खाणींच्या गावातल्या एका लॅबमध्ये खाणीतून आलेल्या दगडाचे नमुने तपासायचे. दगड दळायचा, पूड मोजायची, मातीच्या वाटीत भट्टीत घालायची, आणि शेवटी तळाशी सोन्याचा कण उरतो का ते बघायचं. पूड मोजणाऱ्या तराजूचा स्वतःचा जुना प्रोग्रॅम होता. माझा प्रोग्रॅम त्याला चालवायचा, वजन घ्यायचा, नोंद करायचा. एक ट्रे भरला की माझा प्रोग्रॅम विचारायचा: ट्रेवरचा नंबर जुळतो का? माणसाने उठून ट्रेचा नंबर बघायचा आणि हो म्हणायचं. नुसतं एंटर दाबलं तरी हो धरायचं, ही सोय मीच ठेवली होती, ग्लोव्हज काढायला लागू नयेत म्हणून.

तराजूवर ग्लेनिस बसायची. एकोणीस वर्षं त्याच खुर्चीत, पुढच्या वर्षी निवृत्त होणार. एक दिवस खाणीच्या भूगर्भतज्ज्ञाच्या लक्षात आलं की जिथे नुसता खडक असायला हवा तिथे रिपोर्टमध्ये सोनं दिसतंय आणि जिथे सोनं आहे तिथे काही नाही. ट्रेंची अदलाबदल झाली होती. एकदा नाही, सात वेळा. लॅबचा मॅनेजर क्रेग याने मला मेल केला: प्रोग्रॅमने विचारलं होतं का?

मी नोंदी काढल्या. सातही ठिकाणी स्वच्छ लिहिलं होतं: प्रश्न विचारला. उत्तर, हो. मी अर्ध्या पानाचा अहवाल लिहिला. प्रोग्रॅमची चूक नाही, ऑपरेटरने न तपासता होकार दिला. लिहायला दहा मिनिटंही लागली नाहीत. क्रेगने कळवलं की गुरुवारी तिच्याबरोबर मीटिंग आहे आणि बहुधा तिला काढावं लागेल. तो खुश नव्हता. ग्लेनिस एकच गोष्ट धरून बसली होती, असं त्याने पुढे लिहिलं होतं. ती म्हणत होती, तो आधी उत्तर घेतो आणि मग विचारतो. लॅबमध्ये सगळे यावर हसले होते. मीही हसलो.

योगायोगाने मंगळवारी मला तिथे नवा तराजू जोडायला जायचंच होतं. पर्थहून तासाभराचं विमान. खाली शेतं संपतात, मग झुडपं, मग लाल माती, आणि त्या मातीवर मिठाची तळी पांढरी, कोऱ्या कागदासारखी. मी खिडकीला डोकं टेकून बघत होतो. का कोण जाणे, पिशवी या हातातून त्या हातात घेणारे ते गृहस्थ मला आठवले. पंचवीसहून जास्त वर्षांनी.

माझ्या मनात होतं की ग्लेनिसची नजर टाळून काम उरकायचं. पण तिने मला आत येताच ओळखलं. तिने चहा केला, लॅमिंग्टन केकचा डबा पुढे केला. मी तराजूच्या तारा लावत होतो तेव्हा फक्त इतकंच म्हणाली, “तुला अर्धा तास असेल तर माझ्या मागे बसशील, लव्ह? काही सांगत नाही. नुसतं बघ.”

मी तिच्या मागे स्टूल घेऊन बसलो. आयुष्यात बाई माझ्या मागे उभ्या राहिल्या होत्या, मी कुणाच्या मागे असा बसलो नव्हतो. खिडकीतून दुपारचं लालसर ऊन येत होतं आणि त्यात दगडाची पूड इतकी हळू तरंगत होती की खाली बसायचं तिला ठाऊकच नसावं. ग्लेनिस पूड घालायची, तराजू आकडा द्यायचा, पडद्यावर ओळ यायची. पुन्हा पूड, पुन्हा ओळ. मधूनच पडदा थांबायचा. तराजूचा जुना प्रोग्रॅम हळू होता, विचार करत बसायचा. ग्लेनिस एंटर दाबायची आणि तो जागा व्हायचा. खरं तर एंटरचा त्याच्याशी काही संबंध नव्हता, तो आपल्या वेळेने उठायचा. पण सगळ्या लॅबची ती समजूत होती: पडदा झोपला की एंटरने उठवायचा.

ट्रे भरला. पडदा थांबला. ग्लेनिसने एंटरवर बोट ठेवलं. त्या क्षणी कुणीतरी माझ्या कानाशी बोलल्यासारखं झालं. कागदावर काय आलंय ते वाच.

मी म्हणालो, “थांब. दाबू नको.”

पडद्यावर प्रश्न नव्हता. शेवटच्या वजनाची ओळ होती आणि खाली काळोख. मला माहीत होतं की आत प्रोग्रॅमने प्रश्न विचारलेला आहे. ग्लेनिसला माहीत होतं की पडदा झोपलाय. प्रोग्रॅम उत्तरासाठी थांबला होता, ती प्रश्नासाठी, मी दोघांसाठी. पूड उन्हात तरंगत होती. किती वेळ आम्ही तिघं तसे बसलो सांगता येणार नाही. मग मी तिला म्हणालो, आता दाब. तिने दाबलं, आणि पुढच्या नमुन्याच्या ओळीच्या सुरुवातीला, तिला चिकटून, तो प्रश्न आला. ट्रेवरचा नंबर जुळतो का?

“बघितलंस,” ग्लेनिस म्हणाली. “आधी उत्तर घेतो, मग विचारतो.”

काय झालं होतं ते सोप्या भाषेत सांगतो. प्रोग्रॅम पडद्यावर अक्षरं एकेक करून पाठवत नाही. आमच्याकडच्या काळीपिवळी जीपसारखं आहे: अक्षरं आत बसत जातात, आणि ओळ पुरी झाली की गाडी निघते. आधी माझ्या प्रश्नानंतर ओळ संपायची, म्हणून प्रश्न लगेच पोचायचा. दोन महिन्यांपूर्वी मी ते ‘नीट’ केलं. उत्तर प्रश्नाच्याच ओळीत यावं, छान दिसावं, म्हणून शेवटची ओळ-संपली ही खूण काढून टाकली. गाडी भरेना, निघेना. प्रश्न स्टँडवरच बसून राहिला. एंटर दाबल्यावर पुढच्या ओळीचे प्रवासी आले तेव्हा त्यांच्याबरोबर निघाला. माझ्या टेबलावर, जिथे मी प्रोग्रॅम करून बघतो, तिथे प्रत्येक अक्षराला स्वतंत्र गाडी मिळते, म्हणून मला कधी दिसलं नाही. अशा वेळी एक आज्ञा द्यायची असते: भरो न भरो, आता निघ. नवशिक्यांना हे पहिल्या महिन्यात शिकवतात. मीच शिकवतो.

आणि नोंद? नोंद मी प्रश्न गाडीत बसवल्याबरोबर करत होतो. मी काय विचारलं ते तिच्यात होतं. पडद्यावर काय आलं ते नव्हतं.

मी तिथेच बसून ती आज्ञा घातली. एक ओळ. मग पर्थला माझ्या बॉसला फोन केला. तो वाईट माणूस नाही. म्हणाला, कराराचं नूतनीकरण जवळ आलंय, आपण ‘डिस्प्लेच्या सेटिंगमधली अडचण’ असं लिहू शकतो का. मी म्हणालो, बघतो. फोन ठेवून दहा मिनिटं लॅबच्या मागच्या अंगणात उभा राहिलो. लाल धूळ, एक वाळलेलं निलगिरीचं झाड, लांबून खाणीचा घरघराट. मग आत जाऊन क्रेगच्या समोर नवा अहवाल टाइप केला. प्रश्न विचारलाच गेला नव्हता. सातही वेळा. चूक माझ्या बदलाची आहे, आधीचा अहवाल मी मागे घेतो. टाइप झाल्यावर तो मी मोठ्याने वाचला. क्रेगला वाटलं त्याच्यासाठी वाचतोय.

तो म्हणाला, “आधीचाही तूच लिहिला होतास, मेट. तेव्हाही खात्रीच होती तुला.”

गुरुवारची मीटिंग झाली नाही. पुढच्या वर्षी करार दुसऱ्या कंपनीला गेला आणि ग्लेनिस ठरल्या दिवशी, केक कापून, निवृत्त झाली. माझी नोकरी राहिली, फक्त बॉस बरेच महिने माझे अहवाल स्वतः वाचत असे.

पण त्या मंगळवारी ग्लेनिस मला गाडीपर्यंत सोडायला आली होती. तिने उरलेले लॅमिंग्टन कागदात बांधून दिले. मी माफी मागितली. ती म्हणाली, नो वरीज, मशिनं आहेत, चुकतात. मग गाडीच्या टपावर हात ठेवून तिने विचारलं, “एकच सांग. तू मला कधी भेटला नव्हतास. तरी न बघता हो म्हणणारी मीच, अशी तुला इतकी खात्री कशी होती?”

मी काहीतरी पुटपुटलो, नोंदींबद्दल. तिने मान हलवली. परतीच्या विमानात मिठाची तळी मावळतीला गुलाबी झाली होती आणि मी तिचा प्रश्न घेऊन बसलो होतो. उत्तर मला येत होतं. कुठल्या नोंदीत ते नव्हतं.

घरी आल्यावर त्या आठवड्यात मी दोन पत्रं लिहिली. ग्लेनिसला लिहिलेलं तिचं आहे, ते इथे देत नाही. दुसरं अकोल्याला पाठवलं, जिथे बाई आता भाचीकडे राहतात. ते बाईंच्या परवानगीने खाली देतो.

आदरणीय बाई,

सप्रेम जयभीम. मी ठीक आहे. आई-वडिलांच्या माघारी गावाकडे येणं कमी झालं, त्यामुळे तुमची भेट राहिली. इथे अलीकडे माझ्या हातून एक चूक झाली. एका प्रामाणिक बाईंची नोकरी माझ्या एका कागदामुळे जाणार होती. त्यांनी तपासलं नसणार, नुसतं हो म्हटलं असणार, असं मी न बघता लिहून दिलं. तुमचं वाक्य वेळेवर आठवलं म्हणून निभावलं.

त्यांनी मला विचारलं की मला त्यांच्याबद्दल इतकी खात्री कशी होती. त्याचं उत्तर आधी तुम्हाला द्यायला हवं.

नर्सिंगच्या अर्जाचा तो दिवस तुम्हाला आठवत असेल. सुनंदा आणि तिचे वडील. तुम्ही सगळ्यांसमोर मला विचारलंत, वाचला होतास ना. तुमचा प्रश्न मला स्पष्ट ऐकू आला होता. मी हो म्हणालो. बाई, मी तो अर्ज वाचला नव्हता. तो टाइप केला त्या दिवशी गावात माझ्या वडिलांच्या बँडची वरात निघणार होती, ती बघायला जायची घाई होती. मसुदा त्यांच्याकडे नव्हता कारण तो माझ्या वहीत राहिला होता. तुम्ही विचारलंत त्याच संध्याकाळी मी तो उघडून पाहिला. त्यात आकडा बरोबर होता.

मी तो मसुदा फाडला. तुम्ही माझ्या शब्दावर एका बापाला खोटं पाडलंत, आणि ते खोटं तुमच्या तोंडी मी घातलं. न वाचता हो म्हणणारी माणसं कशी असतात ते मला तेव्हापासून ठाऊक आहे, म्हणून मला ती सगळीकडे दिसतात.

सुनंदा कुठे असते ते तुम्हाला किंवा भाचीला माहीत असेल तर कृपया कळवा. तिचं एक वर्ष गेलं, पुढे काय झालं ते मी कधी विचारलं नाही. मी डिसेंबरात येतो आहे. तिला समोर बसून सांगायचं आहे, आणि त्याआधी तुमच्यासमोर यायचं आहे, तुम्ही येऊ दिलंत तर.

हे पत्र टाइप झाल्यावर मी दोनदा वाचलं आहे.

तुमचा विद्यार्थी,
मिलिंद